टांगलेली कोरफड आणि लावलेली कोरफड

(पेडगाव, जि. परभणी इथं बचत गटाच्या बायकांसमोर केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय ऐकून तुमच्यातल्या काहीजणी हसल्या. दर वेळी ही ताई कायदा सांगते, रेशनचं सांगते, आणि आज कोरफडीचं काय घेऊन बसली? हसलात ते बरंच झालं. पण आजच्या बोलण्यातही पाणी आहे, बाईची तब्येत आहे आणि कायदासुद्धा आहे. फक्त सुरुवात आपण दारातल्या कुंडीपासून करणार आहोत.

माझं शिक्षण समाजकार्याचं. एम.एस.डब्ल्यू. करताना आम्हाला गाव समजून घ्यायला शिकवतात, गावाचा नकाशा काढायला लावतात. आड कुठं, शाळा कुठं, पार कुठं, कोणती वस्ती कुठल्या अंगाला. त्या नकाशात बाईच्या दारातली कुंडी कुठंच नसते. वावर नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर, घर त्यांच्याच नावावर. फुटक्या माठात लावलेलं झाड मात्र तिचं असतं. त्याला पाणी कधी घालायचं, त्याचं पिल्लू कुणाला द्यायचं, हे ती कुणाला विचारत नाही. म्हणून मला ही कुंडी क्षुल्लक वाटत नाही.

आता एप्रिल-मे डोळ्यांसमोर आणा. टँकरची वाट बघायची, हंडा-हंडा मोजून वापरायचा. अशा वेळी पहिलं पाणी कुणाचं तुटतं? तुळशीचं तुटत नाही, तिला धर्म आहे. जनावरांचं तुटत नाही, त्यांच्यावर घर चालतं. तुटतं ते मोगऱ्याचं, अबोलीचं, म्हणजे बाईनं निव्वळ आपल्या हौशीसाठी लावलेल्या झाडाचं. आणि ते तोडणारीही तीच असते. हंडा तिनंच आणलेला असतो, तो कुठं पुरवायचा ते तिलाच ठरवावं लागतं. या सगळ्यातून टिकून राहते ती कोरफड.

ती जगते कशी?

कोरफड पाण्यावाचून जगते, असं आपण म्हणतो. ते खरं नाही. ती साठवलेल्या पाण्यावर जगते. पावसाळ्यात पान भरून घेते. पान चिरलं की जो बुळबुळीत गर निघतो, ती तिची साठवण.

दुसरी गोष्ट तिच्या श्वासाची. झाडाच्या पानाला बारीक छिद्रं असतात. त्यातून हवा आत जाते, पण त्याच वाटेनं पाण्याची वाफ बाहेर पडते. बाकीची झाडं ही छिद्रं दिवसा उघडतात, त्यामुळं उन्हात त्यांचं पाणी उडतं. कोरफड दिवसा छिद्रं मिटून घेते आणि रात्री गारव्यात उघडते. रात्री घेतलेली हवा आंबटाच्या रूपात पानात साठवून ठेवते आणि दिवसा दारं लावून त्याच शिध्यावर आपलं अन्न शिजवते. आपल्याकडच्या पानफुटीचंही असंच आहे. पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं आणि दुपारी बेचव, हे बेंजामिन हेन नावाच्या निसर्ग अभ्यासकानं इथं हिंदुस्थानात चाखून पाहिलं आणि १८१५ साली ते छापून आलं. त्याच्या आधी किती आयाबायांनी ते चाखलं असेल, त्याची नोंद कुठं असणार! (तुम्ही मात्र चाखू नका. पानफुटी जास्त पोटात गेली तर अपाय करते, जनावरालाही.)

मोबाईलवर एक संदेश फिरतो, की कोरफड रात्री प्राणवायू सोडते, घरातली हवा शुद्ध करते. रात्री ती हवा आत घेते, हे मी आत्ताच सांगितलं. प्राणवायू दिवसाच तयार होतो, आणि एका कुंडीचा तो किती असणार? चुलीच्या धुरावर कोरफडीची कुंडी हा इलाज नाही. त्याला गॅस परवडेल अशा भावात मिळायला हवा आणि स्वयंपाकघराला खिडकी हवी.

आता दुसरी कोरफड बघू. कितीतरी घरांच्या चौकटीला कोरफड उलटी टांगलेली असते, मुळं वर आणि पानं खाली. घराला नजर लागू नये म्हणून. माती नाही, पाणी नाही, तरी महिनोन् महिने ती हिरवी राहते. लोक कौतुकानं म्हणतात, बघा, केवढी चिवट! पण ती पान बघा. दर महिन्याला बारीक होतं, खोलगट होतं, टोकाकडून वाळत येतं. ती आधीची साठवण खात असते आणि भर कुठूनच पडत नसते. म्हणजे ती जगत नाही, सावकाश मरत असते. तिला मरायला वेळ लागतो, एवढ्यावरून आपण तिला चिवट म्हणतो.

आपल्याकडं बाईचं कौतुकही पुष्कळदा असंच होतं. "आमची सून काही मागत नाही." "तिची आई फार सोशिक होती." १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बायांचं आजही कौतुक होतं. त्यांनी काय खाल्लं, कुणाचं बाळंतपण कुठं झालं, हे कुणी विचारत नाही. तेव्हा असं कौतुक कानावर आलं, की मनातल्या मनात एक प्रश्न विचारा. ही लावलेली आहे की टांगलेली? हिच्या मुळाखाली माती आहे का?

लावायची कशी?

आता कामाचं बोलू. कोरफड लावायला सोपी, तरी बऱ्याच घरी ती सडते. तहानेनं फारशी मरत नाही, जास्त पाण्यानं मरते. त्याचं पहिलं कारण आपली माती.

परभणीची काळी माती कापसाला, ज्वारीला चांगली, कारण ती ओल धरून ठेवते. कोरफडीला तेच सोसत नाही. नुसती काळी माती कुंडीत भरली, की पावसाळ्यात मुळं कुजतात आणि उन्हाळ्यात तिचंच ढेकूळ होऊन मुळं आवळली जातात. म्हणून एक वाटा काळी माती, एक वाटा वाळू नाहीतर बारीक मुरूम, आणि एक वाटा चांगलं कुजलेलं शेणखत घ्या. ताजं शेण घालू नका.

कुंडी विकत आणायची गरज नाही. फुटका माठ सगळ्यात चांगला, कारण त्याच्या अंगातून ओल बाहेर जाते. तेलाचा पत्र्याचा डबाही चालतो. पण तळाला भोक पाहिजेच. डब्याला खिळ्यानं चार-पाच भोकं पाडा आणि माती वाहून जाऊ नये म्हणून वर खापराचा तुकडा ठेवा. भोक नसलेल्या भांड्यात कोरफड टिकत नाही, मग ते कितीही सुंदर असो.

नुसतं पान खोचलं तर ते मूळ धरत नाही, सडतं. पानफुटीचं पान रुजतं, कोरफडीचं नाही. कोरफडीला पिल्लू लागतं. मोठ्या झाडाच्या बुडाशी पिल्लं येतात. वीतभर झालेलं पिल्लू मुळासकट अलगद काढा, दोन-तीन दिवस सावलीत ठेवून जखम सुकू द्या आणि मग लावा. मुळं मातीत, पानं मातीच्या वर. लावल्यावर चार-पाच दिवस पाणी घालू नका.

जाता जाता एक गंमत. संस्कृतात या झाडाला कुमारी म्हणतात. आपल्या दारात ही कुमारी बी न धरता पिल्लांचं गोकुळ करते आणि तिला कुणी बोल लावत नाही!

पाण्याचा हिशेब असा. रोज घोटभर पाणी घालायची सवय सोडा. माती आतपर्यंत वाळू द्या. दोन पेरं बोट खुपसून बघा, कोरडं लागलं तरच घाला. घालायचं तेव्हा तळातून थेंब पडेपर्यंत घाला. साधारण उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी, हिवाळ्यात दोन-तीन आठवड्यांनी तांब्याभर पाणी पुरतं. पावसाळ्यात कुंडी वळचणीला घ्या आणि वेगळं पाणी देऊ नका. भाजी, तांदूळ, डाळ धुतलेलं पाणी चालतं. मीठ घातलेलं, सोड्याचं किंवा कपड्याच्या पावडरीचं नको. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर मातीवर पांढरा थर येतो. पहिल्या चांगल्या पावसात कुंडी एक दिवस बाहेर ठेवली की तो धुऊन निघतो.

ऊन सकाळचं द्या. पूर्वेच्या दाराशी नाहीतर खिडकीत ठेवा. मे महिन्यातल्या दुपारच्या उन्हात पान तांबूस पडतं. फार अंधारात ठेवलं तर पान फिकट होऊन लोळतं. पत्र्याच्या घरात पत्र्याच्या अगदी खाली टांगू नका, तिथली धग वाईट. सावलीतलं झाड एकदम उन्हात नेऊ नका, आठ-दहा दिवसांत थोडं थोडं सरकवा.

आणि झाडाकडं बघायला शिका. पान पातळ होऊन आत वळलं तर तहान आहे. बूड मऊ, पिंगट, पाणचट झालं तर पाणी जास्त झालंय. अशा वेळी झाड उपटा, सडकी मुळं कापा, दोन-तीन दिवस सावलीत सुकवा आणि कोरड्या मातीत परत लावा. बेचक्यात कापसासारखी पांढरी कीड दिसली तर साबणाच्या सौम्य पाण्यात फडकं भिजवून पुसून काढा.

पाच महिने गावाबाहेर

आपल्या जिल्ह्यातून दिवाळीच्या आसपास कोयते निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको, लेकरं, भांडीकुंडी, सगळं गाडीत. परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. घराला कुलूप आणि कुंड्या तशाच. परत आल्यावर दारात जिवंत काही दिसलं तर कोरफडच दिसते.

ती दिसावी म्हणून जाण्याआधी थोडं करा. लहान डब्यातली कोरफड मोठ्या माठात हलवा, कारण माती जास्त तर ओल जास्त दिवस टिकते. हे निघायच्या दीड-दोन महिने आधी करा, म्हणजे मुळं बसतील. निघताना एकदाच पोटभर पाणी द्या. कुंड्या भिंतीच्या उत्तर अंगाला, जिथं दुपारचं ऊन येत नाही, तिथं एकमेकींना चिकटून ठेवा. वरून वाळलेला पाला पसरा, पण बुडाला टेकू देऊ नका. परत आल्यावर झाड बारीक झालेलं असेल, टोकं वाळलेली असतील. लगेच बादलीभर ओतू नका. थोडं पाणी द्या, आठवड्यानं पुन्हा द्या. महिन्याभरात पान भरतं.

हे सगळं जमतं, कारण निघण्याआधी तिला पावसाचे चार महिने मिळालेले असतात. ते मिळाले नाहीत तर तीही जगत नाही. ऊसतोडीहून आलेल्या बाईला असे चार महिने मिळतात का? ती येते आणि दुसऱ्या दिवशी खुरपायला जाते. तिचं पान भरायचं कधी?

पानातलं औषध, आणि त्याची हद्द

आता नाजूक विषय. इथं बायाच आहोत, तेव्हा मोकळं बोलू.

कोरफडीच्या पानात दोन वेगळ्या गोष्टी असतात. आतला पांढरा गर आणि सालीखालचा पिवळा, कडू चीक. पान कापायचं तर बुडाकडचं, बाहेरचं, जुनं कापा, एका वेळी एक-दोनच. कापलेलं पान दहा-पंधरा मिनिटं उभं धरा, चीक निथळू द्या, मग धुऊन सोला. बांधावरची घायपात दिसायला थोडी तशीच असते, तिच्या टोकाला कठीण काटा असतो. तिचा रस अंगाला लावू नका, आग होते.

चुलीचा चटका बसला, तव्याला हात लागला, तर आधी वीस मिनिटं गार पाण्याखाली धरा आणि मग गर लावा. एवढं ठीक. पण पदर पेटला, अंगावर रॉकेल पडून बाई भाजली, तर कोरफड नाही, शाई नाही, पेस्ट नाही. सरळ दवाखाना. आणि ती का भाजली हे तिला एकटीला, सासरची माणसं बाजूला ठेवून विचारलं गेलंच पाहिजे.

चीक मात्र पोटात घेण्याची वस्तू नाही. तो जालीम जुलाब आहे. चीक वाळवून जो करतात, तो काळा बोळ. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००२ साली कोरफडीच्या चिकाची जुलाबाची औषधं विनाचिठ्ठी विकणं थांबवलं. आपल्याकडं दूध तोडायला चीक स्तनाला लावतात, तो लेकराच्या पोटात जाऊन त्याला जुलाब होऊ शकतात. आणि पाळी चुकली की बोळ घेतात. कुणी सासूच्या सांगण्यावरून, कुणी सासूला कळू नये म्हणून.

दिवस गेलेले असतील तर बोळानं पोटात मुरडा येतो, जुलाब होतात, रक्तही जाऊ शकतं. पण गर्भ सुरक्षितपणे पडेल याची काहीच खात्री नाही. उगाच दिवस वाया जातात आणि पुढचं अवघड होऊन बसतं. कायदा आपल्या बाजूनं आहे, तो नीट ऐका. गर्भपाताचा कायदा १९७१ साली झाला आणि २०२१ साली त्यात दुरुस्ती झाली. कायद्यात दिलेल्या कारणांसाठी वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतावर आणि काही विशेष परिस्थितीतल्या बायकांना चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मतावर गर्भपात करता येतो. तो मान्यता असलेल्या दवाखान्यातच व्हायला हवा. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही कायद्यानं लागत नाही. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की विवाहित-अविवाहित असा भेद यात करता येणार नाही. तुमचं नाव गुप्त ठेवणं हे डॉक्टरवर बंधन आहे. कुणी सही मागून परत पाठवलं तर एकटीनं घरी येऊन बोळ घेऊ नका. गटाला सांगा, आपण सोबत जाऊ.

अंगावरून पांढरं जातं त्याचंही असंच. बाई दोन-तीन वर्षं घरीच गर खाते, कुणी सांगेल ते करते, कारण दवाखान्याला जायचं तर एक दिवसाची मजुरी बुडते. उसाच्या फडात तर एक खाडा झाला तरी मुकादम पैसे कापतो. दुखणं वाढल्यावर कुणीतरी सांगतं, पिशवी काढून टाक. २०१९ साली सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. सहा जणींमागं एक. पांढरं जाण्यावर कितीदा साध्या गोळ्यांनी भागतं. तपासणी वेळेवर झाली पाहिजे आणि पिशवी काढा म्हटलं तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय हो म्हणायचं नाही.

पाणी मागायचं

कमी पाण्यात भागवण्याची कला आपल्याला येते. त्यात लाजण्यासारखं काही नाही, ते शहाणपण आहे. पण त्याचा अर्थ आपल्याला पाणी कमी लागतं असा होत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. एवढं झालं तेव्हा सगळ्या देशाला दुष्काळ दिसला. त्याच्या कितीतरी आधी तो बाईच्या कमरेवरच्या घागरीला दिसलेला होता.

मुंबईत गोरेगावच्या मृणाल गोरे यांना लोक पाणीवाली बाई म्हणत. त्या कमी पाण्यात भागवत होत्या म्हणून नाही, तर त्यांनी बायकांना बरोबर घेऊन पाणी मागितलं म्हणून. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर हे माप लिहिलेलं आहे. म्हणजे पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. तुमच्या नळाला किती येतं ते पंधरा दिवस हंड्यानं मोजून वहीत लिहा. कोणत्या दिवशी आलं, किती वेळ आलं, किती हंडे भरले. ती वही घेऊन आपण ग्रामसभेला बसू. नुसतं "पाणी येत नाही" म्हटलं की उत्तर मिळतं, "येईल." वही पुढं केली की त्यांनाही आकडा सांगावा लागतो.

ज्यांच्या घरी मोठी कोरफड आहे त्यांनी पुढच्या बैठकीला पिल्लं घेऊन या. जिच्याकडं नाही तिनं भोकं पाडलेला डबा आणि माती-मुरूम घेऊन या. मागच्या महिन्यात माहेरी परत आलेल्या आपल्या दोन मैत्रिणींनाही बोलवा. त्यांच्या हाताला आत्ता काहीच आपलं म्हणायला नाही. आणि ज्यांच्या चौकटीला कोरफड टांगलेली आहे त्यांनी ती काढून मातीत लावून बघा. मुळं अगदी वाळली नसतील तर ती धरते. नजर लागलीच, तर दोष माझ्यावर घाला.